तेलातले वावडे कसे ओळखावे?



आपल्या घरी रोज तेल लागते. फोडणीला लागते, भाकरीबरोबरच्या चटणीवर लागते, सणासुदीला तळणाला लागते. तेल आणताना आपण दुकानदाराला एकच प्रश्न विचारतो, "तेल शुद्ध आहे ना?" प्रश्न योग्यच आहे. पण त्याच्या पुढचा एक प्रश्न असतो आणि तो आपण सहसा विचारत नाही. तो असा : "तेल शुद्ध आहे, पण ते ह्या माणसाला चालेल का?"

हा दुसरा प्रश्न आम्ही एका मुलाकडून शिकलो. तेव्हा आम्ही हेडमास्तर होतो. गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची आहे. पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन झाले आणि मुलांना शेंगदाण्याचे लाडू वाटले. चौथीतला एक मुलगा लाडू घेईना. म्हणाला, "गुरुजी, मला नको. माझा घसा खाजतो." आम्हाला वाटले, पोरगे नखरे करते आहे. आम्ही म्हणालो, "अन्नाला नाही म्हणू नये. खा." गुरुजींचा शब्द मोडायचा कसा? त्याने लाडू खाल्ला.

दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले. अंगावर गांधी उठल्या. मग छातीत घरघर सुरू झाली. एका पालकाच्या मोटारसायकलवर मध्ये बसवून त्याला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिले, म्हणून पोरगे वाचले. संध्याकाळी त्याची आई आली. आम्हाला वाटले, ही आता चार शब्द सुनावणार. पण तिनेच हात जोडले. म्हणाली, "गुरुजी, आम्हीच आधी सांगाया पाहिजे होतं." त्या माउलीचे ते बोलणे आजही आमच्या मनातून जात नाही. चूक आमची होती.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. चाकणकडे कारखान्यात कामाला जातो. मध्यंतरी तो भेटायला आला आणि म्हणाला, "गुरुजी, घरच्यांनी लाकडी घाण्याचं तिळाचं तेल आणलंय. पण त्याच घाण्यावर शेंगदाणाही काढतात. कोरोनात नाकातला नमुना घेऊन कार्डावर बघायचे ना, तसं अन्न तपासायचं कार्ड निघालंय म्हणे. त्यावर तेल तपासलं तर कळंल का, मला चालंल का नाय ते?"

आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. मग आम्ही जाणकारांना विचारले, पुस्तके वाचली. जे समजले ते येथे सोप्या भाषेत सांगतो.

वावडे म्हणजे काय?

कोणाला वांग्याचे वावडे असते, कोणाला अंड्याचे. यालाच आता अ‍ॅलर्जी म्हणतात. प्रत्येक न सोसणे म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. तेलकट खाल्ले की जळजळ होते, ती पोटाची तक्रार. अ‍ॅलर्जी वेगळी. ती कशी होते ते पाहू.

आपल्या रक्तात राखणदार असतात. बाहेरून रोगजंतू आले की ते त्यांना ओळखतात आणि अडवतात. शास्त्रज्ञ या राखणदारांना प्रतिपिंडे म्हणतात. वाड्यावरचे कुत्रे जसे चोरावर भुंकते, तसे त्यांचे काम. पण कधी कधी कुत्रे पाहुण्यालाच चोर समजते. काही माणसांच्या शरीरात असेच होते. शेंगदाणा हा खरा तर पाहुणा. पण शरीर त्याला चोर समजते आणि घरभर धावाधाव करते. त्या धावपळीत ओठ सुजतात, गांधी उठतात, उलटी होते, श्वास कोंडतो. कधी रक्तदाब एकदम उतरतो आणि जीवही जातो.

आपल्या भागाला ही गोष्ट अगदीच नवी नाही. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे पेनिसिलिन बनू लागले. पेनिसिलिनने पुष्कळांचे प्राण वाचवले. तरीही ते टोचण्याआधी डॉक्टर हातावर थोडेसे टोचून पाहत. कारण औषध चांगले असले, तरी एखाद्याला त्याचे वावडे असू शकते. अन्नाचेही तसेच आहे.

शरीर शेंगदाण्यातल्या कशावर धावून जाते? त्यातल्या प्रथिनावर. डाळी, दूध, अंडी, शेंगदाणे यांत असणारा, अंग भरून आणणारा भाग म्हणजे प्रथिन. शेंगदाण्यात साधारण चौथा हिस्सा प्रथिन असते आणि जवळजवळ निम्मे तेल असते. चोर ठरते ते प्रथिन. तेलावर शरीराचा राग नसतो.

भेसळ वेगळी, वावडे वेगळे

येथे पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून थोडे थांबू.

१९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. हजारो माणसांच्या अंगावर सूज आली. साठाहून अधिक माणसे दगावली. ही भेसळ. धोत्र्याचे तेल हे विष आहे. ते ज्याच्या पोटात जाईल त्याला बाधते. ते ओळखायची झटपट परीक्षा आहे. तपासनीस तेलात तीव्र आम्ल घालतात आणि रंग तांबूस होतो का ते पाहतात.

वावडे तसे नाही. घाण्यावरचे शेंगदाणा तेल अगदी चोख असेल. घरातली नऊ माणसे ते आनंदाने खातील. दहाव्याला मात्र तेच बाधेल. तेलात खोट नाही आणि माणसातही खोट नाही. दोघांचे जमत नाही, एवढेच.

म्हणून भेसळीच्या परीक्षेत उतरलेले तेल वावड्याच्या परीक्षेतही उतरले, असे समजू नये. प्रत्येक परीक्षा एकाच प्रश्नाचे उत्तर देते. गणिताच्या पेपरात पास झालेल्या मुलाला इतिहास येतोच असे नाही.

तेलात शेंगदाणा उरतो कोठे?

तेल निघताना प्रथिन पेंडीत राहते. पण सगळे राहत नाही. थोडे तेलाबरोबर येते. किती येते, ते तेल कसे काढले यावर अवलंबून असते.

लाकडी घाण्याचे तेल घ्या. दाणे उखळात रगडले जातात, तेल सुटते. ते निवळायला ठेवतात. तळाशी साका बसतो. त्या साक्यात दाण्याचे बारीक कण असतात. वरचे तेल नितळ दिसते, तरी त्यातही डोळ्यांना न दिसणारे प्रथिन थोडेफार उरतेच. तेलाला दाण्याचा खमंग वास येतो तो आपल्याला आवडतो. पण असे तेल शेंगदाण्याचे वावडे असणाऱ्याच्या कामाचे नाही.

दुकानात "डबल फिल्टर" असे लिहिलेले तेल मिळते. फिल्टर म्हणजे गाळलेले. गाळण्याने कण जातात, विरघळलेले प्रथिन सगळे जात नाही. "फिल्टर" आणि "रिफाइन्ड" हे दोन शब्द एक नाहीत, हे पक्के ध्यानात ठेवा.

रिफाइन्ड तेलावर कारखान्यात पुष्कळ क्रिया होतात. त्यातला चिकट भाग काढतात. क्षाराने आम्लता मारतात. विशिष्ट मातीतून गाळून रंग काढतात. शेवटी खूप तापवून वाफ सोडतात आणि वास काढतात. एवढे झाल्यावर प्रथिन जवळजवळ उरत नाही.

याची पारख इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनच्या डॉक्टरांनी केली. ते काम १९९७ साली प्रसिद्ध झाले. शेंगदाण्याचे वावडे असलेल्या ६० माणसांना त्यांनी दवाखान्यात, आपल्या देखरेखीखाली, दोन्ही प्रकारचे तेल दिले. रिफाइन्ड शेंगदाणा तेलाने एकालाही त्रास झाला नाही. कच्च्या, म्हणजे रिफाइन न केलेल्या तेलाने ६ जणांना त्रास झाला. यावरून दोन गोष्टी कळतात. कच्चे तेल सगळ्यांनाच बाधत नाही. पण कोणाला बाधेल ते आधी सांगता येत नाही.

आता त्या मुलाच्या तिळाच्या तेलाकडे वळू. घाणा एकच. सकाळी शेंगदाणा काढला, दुपारी तीळ टाकले. लाकूड भांड्यासारखे घासून लख्ख होत नाही. त्याच्या फटींत आणि छिद्रांत दाण्याचा चुरा राहतो. तो तिळाच्या तेलात उतरतो. घाणेवाल्याने लबाडी केली नाही. त्याने भेसळही केली नाही. तरी तिळाच्या तेलात शेंगदाणा आला.

कढईतही असेच होते. उपासाच्या दिवशी साबुदाणा वडे तळतात. त्यांत दाण्याचा कूट असतो. मग त्याच तेलात बटाटेवडे सोडतात. बटाटेवड्यात शेंगदाणा नाही, पण तेलात तो येऊन बसला आहे.

पाकिटावर वाचून हे कळेल का? २०२० साली केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा विभागाने पाकिटावरील मजकुराचे नियम केले. वावडे होऊ शकणाऱ्या पदार्थांची त्यात यादी आहे. त्यात शेंगदाणा आहे, दूध, अंडी, मासे, सोयाबीनही आहे. हे पदार्थ असतील तर तसे छापावे लागते. पण चुकून मिसळले असण्याच्या इशाऱ्यातून या पदार्थांच्या तेलांना सूट आहे. शिवाय त्या यादीत तिळाचे नाव नाही, आणि तिळाचेही वावडे काहींना असते. म्हणून पाकीट वाचावे जरूर, पण इशारा दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

झटपट पट्टी कशी काम करते?

रावेतच्या बंधाऱ्यावर पवनेचे पाणी उपसतात. ते निगडीच्या केंद्रात शुद्ध करून शहराला देतात. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसले, तरी तपासल्यावाचून सोडत नाहीत. कारण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. तेलातले प्रथिनही दिसत नाही. त्याला वास नाही, चव नाही. ते शोधायला वेगळे साधन लागते.

ते साधन म्हणजे ही पट्टी. तिची जात तुम्हाला ठाऊक आहे. बाईला दिवस गेले का, हे पाहण्याची पट्टी अशीच असते. कोरोनाच्या साथीत आपण अशीच कार्डे पाहिली. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या "कोव्हिसेल्फ" कार्डाला मे २०२१ मध्ये घरच्या घरी तपासणीसाठी मान्यता मिळाली होती. शेंगदाण्याची पट्टी त्याच तत्त्वावर चालते.

गंमत पाहा. शरीरात जो राखणदार चुकून त्रास देतो, त्याच जातीचे राखणदार या पट्टीवर पहाऱ्याला बसवलेले असतात. ते शेंगदाण्याचे प्रथिन ओळखतात. काही राखणदारांच्या अंगावर सोन्याचे अतिशय बारीक कण चिकटवलेले असतात. एवढे बारीक झाले की सोने पिवळे दिसत नाही, लाल दिसते. दुसरे राखणदार पट्टीवर एका रेषेत पक्के बसवलेले असतात.

पट्टीच्या टोकाला नमुन्याचे थेंब टाकतात. वातीत तेल चढते तसा नमुना पट्टीतून पुढे सरकतो. त्यात शेंगदाण्याचे प्रथिन असेल, तर लाल कणवाला राखणदार त्याला एका बाजूने धरतो. पुढे रेषेवर बसलेला राखणदार दुसऱ्या बाजूने धरतो. लाल कण तेथे गोळा होतात आणि लाल रेषा दिसते. प्रथिन नसेल तर तेथे रेषा उमटत नाही.

पुढे आणखी एक रेषा असते. ती नेहमी उमटलीच पाहिजे. ती पट्टी ठीक चालल्याची खूण. ही खुणेची रेषा उमटली नाही, तर ती पट्टी फेकून द्यावी. तिचे "आहे" किंवा "नाही" काहीच खरे मानू नये.

हे सगळे काही मिनिटांत होते. प्रयोगशाळेतल्या मोठ्या तपासणीला कित्येक तास लागतात, पण ती किती प्रथिन आहे हे आकड्यात सांगते. पट्टी आकडा सांगत नाही.

तेल तपासताना काय करतात?

पाणी किंवा पीठ तपासणे त्या मानाने सोपे. तेल अवघड. पट्टीला पाण्यासारखा पातळ नमुना लागतो. तेल थेट टाकले तर ते नीट सरकत नाही.

म्हणून आधी तेलातले प्रथिन पाण्यात उतरवावे लागते. पहिल्याने डबा चांगला हलवायचा, म्हणजे तळचा साका वर येतो. मग मोजून तेल घ्यायचे. संचाबरोबर दिलेले पाणी त्यात घालायचे. त्या पाण्यात क्षार वगैरे असतात. सांगितले असेल तेवढा वेळ घुसळायचे आणि उभे ठेवायचे. तेल वर तरंगते, पाणी खाली बसते. प्रथिन पाण्यात उतरलेले असते. नळीने खालचे पाणी घेऊन त्याचे थेंब पट्टीवर टाकायचे. कागदावर जेवढी मिनिटे लिहिली असतील, तेवढ्या मिनिटांनी पाहायचे. आधी नाही, नंतरही नाही.

पट्टी कोठे फसते?

पट्टी चांगली आहे. पण तिच्या "नाही" चा अर्थ नीट समजून घ्या. त्यात फसण्याच्या जागा पाच आहेत.

पहिली, नमुना. वरचे नितळ तेल घेतले तर "नाही" येईल. तळचा साका घेतला तर "आहे" येईल. डबा एकच, उत्तरे दोन.

दुसरी, पट्टीची नजर. प्रत्येक पट्टीला ठरावीक मापापर्यंतच दिसते. चांगल्या पट्ट्या दहा लाख भागांत काही थोडे भागही पकडतात. दहा लाखांत एक भाग म्हणजे किती? अर्ध्या ग्रॅमचा एक दाणा ५०० किलो तेलात मिसळला, तर तेवढे होते. ही नजर तीक्ष्णच म्हणायची. पण त्याहून कमी असेल तर पट्टी "नाही" म्हणते. म्हणजे "नाही" याचा अर्थ "मला दिसले नाही" एवढाच.

तिसरी, तापलेले तेल. अंडे उकडले की पांढरा बलक घट्ट होतो. उष्णतेने प्रथिनाचे रूप असे बदलते. तळणीच्या तेलातले प्रथिन पाण्यात नीट उतरत नाही, उतरले तरी पट्टीवरचा राखणदार त्याला ओळखेलच असे नाही. शरीर मात्र ते ओळखू शकते. भाजलेल्या दाण्यानेही त्रास होतो, तो म्हणूनच.

चौथी, तेलाला धरून राहणारे प्रथिन. दाण्यात तेलाचे अगदी बारीक थेंब असतात आणि प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनाचे आवरण असते. त्यातली काही प्रथिने तेल सोडून पाण्यात यायला तयार नसतात. त्यांचेही वावडे काहींना असते. आपण तर पाणी तपासतो. मग ती सापडणार कशी?

पाचवी गोष्ट ऐकून नवल वाटेल. शेंगदाणा फारच जास्त असला, तरीही पट्टी कधी "नाही" म्हणते. प्रथिनांची इतकी गर्दी होते, की रेषेवरचे राखणदार एकेक प्रथिन धरून बसतात आणि लाल कणवालेही दुसरे प्रथिन धरून बसतात. दोघांची गाठच पडत नाही. मग रेषा उमटत नाही. म्हणून जाणकार तोच नमुना पातळ करून पुन्हा पाहतात.

मग पट्टी कुचकामी का? नाही. ती "आहे" म्हणाली, तर ते तेल वावडे असलेल्या माणसाने तोंडात घालू नये. तेवढ्याने एखादा प्राण वाचेल. आणि कारखान्यात तिचा मोठा उपयोग होतो. यंत्र धुतल्यावर ते बोळ्याने पुसतात आणि तो बोळा तपासतात. धुणे नीट झाले का, ते कळते. खरे तर या पट्ट्या मुख्यतः अशा कारखान्यांसाठीच बनवतात. तेलासाठी पट्टी घ्यायची तर तिच्या कागदावर "तेलासाठी चालते" असे लिहिलेले असावे लागते. शिवाय मुद्दाम थोडे शेंगदाणा तेल मिसळलेला नमुना आधी तपासावा. तो जर पकडला नाही, तर ती पट्टी त्या तेलात आंधळी आहे असे समजावे.

किती थोडे पुरते?

तुम्ही म्हणाल, इतक्या बारीक गोष्टीची एवढी चिंता कशाला? तर हेही पाहा. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना यांच्या तज्ज्ञांनी २०२१ साली शेंगदाण्यासाठी २ मिलिग्रॅम प्रथिन हे माप सुचवले. एवढे पोटात गेले तर वावडे असलेल्या शंभर माणसांपैकी सुमारे पाचांना त्रास दिसू शकतो. २ मिलिग्रॅम म्हणजे किती? एका दाण्याचे साठ तुकडे करा. त्यातला एक तुकडा.

घाण्याच्या फटीत साठाव्या हिश्श्याचा चुरा अडकणे अवघड आहे का? तुम्हीच सांगा.

मग करावे काय?

आम्ही त्या मुलाला जे सांगितले, तेच तुम्हालाही सांगतो.

आधी डॉक्टरांकडे जावे. वावडे आहे की नाही, ते डॉक्टर कातडीवर टोचून आणि रक्त तपासून ठरवतात. घरी थोडे चाखून पाहू नये. मुलाला चाखवून तर मुळीच पाहू नये. आणि ज्यांना वावडे नाही त्यांनी शेंगदाणा उगाच सोडू नये. तो गरिबाचे बदाम आहे.

शेंगदाण्याचे वावडे असणाऱ्याने शेंगदाण्याचे घाण्याचे तेल आणि फिल्टर तेल घेऊ नये. शेंगदाणाही काढतात अशा घाण्याचे दुसरे कोणतेही तेल घेऊ नये, पट्टी काहीही म्हणो. दुसऱ्या बियांचे बंद पाकिटातले रिफाइन्ड तेल घ्यावे. मिश्र तेल असेल तर त्यात कोणकोणती तेले आहेत ते पाकिटावर वाचावे. शेंगदाण्याचे रिफाइन्ड तेल चालेल का, हे स्वतः ठरवू नये, डॉक्टरांना विचारावे.

घाणेवाल्या बंधूंनाही आमचे सांगणे आहे. गिऱ्हाइकाने विचारले, "या घाण्यावर शेंगदाणा काढता का?" तर खरे उत्तर द्यावे. विचारणारा तुमच्या तेलाला नावे ठेवत नाही, तो आपला जीव सांभाळतो आहे. जमल्यास शेंगदाण्याचा घाणा वेगळा ठेवावा आणि दुकानात तशी पाटी लावावी. एका पट्टीपेक्षा एका खऱ्या पाटीचा उपयोग जास्त होईल.

स्वयंपाक करणाऱ्या बायाबापड्यांनी तळणीचे तेल वेगळे ठेवावे. साबुदाणा वड्याच्या तेलात दुसऱ्याचे वडे तळू नयेत.

आणि त्रास सुरू झालाच तर? ओठ किंवा जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरू लागला, घेरी आली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या दवाखान्यात न्यावे. माणसाला आडवे निजवावे, पाय उंच ठेवावे, उठवून चालवू नये. दम लागत असेल तर टेकून बसवावे. यावर अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय आहे. डॉक्टरांना लगेच सांगावे, "याला शेंगदाण्याचे वावडे आहे."

हे सगळे ऐकून तो मुलगा जरा हिरमुसला. म्हणाला, "मंजे गुरुजी, कार्ड 'नाय' म्हणालं तरी मी खायचं नाय?" आम्ही म्हणालो, "बाळा, कार्ड त्या थेंबापुरते बोलते. तुला डबाभर तेल खायचे आहे. घाणा बदल, किंवा तेल बदल."

थोडा वेळ तो गप्प बसला. मग हसून म्हणाला, "त्या दिवशी कार्ड नव्हतं गुरुजी, पण मी तर सांगितलं होतं."

खरेच होते ते. सगळ्यांत झटपट परीक्षा त्या दिवशी आमच्यासमोर उभी होती. पोर स्वतःच्या तोंडाने सांगत होते, आणि आम्ही ऐकले नाही. अन्नाला नाही म्हणू नये, हे आपण मुलांना शिकवतो, ते बरोबरच आहे. पण एखादे मूल पुन्हा पुन्हा नको म्हणत असेल, तर त्याला रागावण्याआधी विचारावे, "का रे बाळा, काय होते तुला?"

त्या प्रसंगानंतर शाळेत वही उघडली. कोणत्या मुलाला काय चालत नाही, ते आईबापांना विचारून आम्ही त्यात लिहून ठेवू लागलो. तुम्ही आता लिहू-वाचू लागला आहात. तुमच्या मुलाला, सुनेला, जावयाला काय बाधते ते एका कागदावर लिहा. तो कागद शाळेत द्या, अंगणवाडीत द्या, लग्नघरी स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याला द्या. शिकलेल्या अक्षरांचा याहून चांगला उपयोग आम्हाला तरी सुचत नाही.

लक्षात ठेवा :

१. भेसळ सर्वांना बाधते, वावडे एखाद्यालाच बाधते.

२. फिल्टर तेल म्हणजे रिफाइन्ड तेल नव्हे.

३. पट्टीचे "आहे" पाळावे. पट्टीच्या "नाही" वर जीव टांगू नये.

४. खुणेची रेषा उमटली नाही तर ती पट्टी बाद.

५. नको म्हणणाऱ्याला खायचा आग्रह करू नये, आधी कारण विचारावे.